वयात येणाऱ्या मुलामुलींचे वजन : ताट, घड्याळ आणि चार शब्द

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या आनंदाच्या प्रसंगी मुलांच्या वजनाविषयी बोलण्याचे काम आमच्या वाट्याला आले आहे. मागच्या अंगणातून पुरणपोळीचा वास येत असताना हा विषय काढणे काहीसे विनोदी आहे, याची आम्हांस जाणीव आहे. म्हणून आरंभीच अभयवचन देतो. आजच्या पुरणपोळीविरुद्ध आमची काहीही तक्रार नाही. मुलांच्या वजनाचा विचार करताना आपण ताटाकडे इतका वेळ पाहत बसतो की इतर दोन-तीन महत्त्वाच्या गोष्टी नजरेतून निसटतात. आज बोलायचे आहे ते त्यांच्याविषयीच.

प्रसंग आपल्या गोल बाजारातला आहे. ज्या कुटुंबाचा आहे त्याची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. पण येथे बसलेल्या अनेकांना तो आपल्याच घरचा वाटला, तर आम्हांस आश्चर्य वाटणार नाही. खाली दुकान आणि वर घर, असे हे एक मराठी कुटुंब. आजी, आई, वडील, चौदा वर्षांचा मुलगा आणि बारा वर्षांची मुलगी. घरातील एका लग्नासाठी खरेदी चालली होती. गोल बाजारात बांगड्या भरताना बांगडीवाल्याने मुलीच्या हातासाठी एक माप मोठे काढले. त्यात वावगे काही नव्हते. मूल वाढते, तसा हातही वाढतो. पण सोबत आत्या होत्या. त्या सर्वांसमक्ष म्हणाल्या, "अगबाई, आत्ताच ही गत, तर लग्नापर्यंत काय होणार हिचे?" दुकानातील बायका हसल्या. मुलगीही हसली. त्या रात्री ती जेवली नाही.

तिच्या थोरल्या भावाचे अंगही त्याच सुमारास सुटू लागले होते. त्याच्याविषयी त्याच आत्याबाईंचे मत असे की, मुलगा कसा अंगाने भरला आहे, खात्यापित्या घरचा दिसतो!

पुढे दोन वर्षांनी आईने दोघांनाही तपासणीसाठी आणले. खरे म्हणजे मुलीला आणले होते. मुलगा केवळ स्कूटर चालवायला आला होता. मुलीच्या शाळेच्या आरोग्यपत्रिकेत बांगड्यांच्या त्या वर्षाची नोंद होती. उंची १५० सेंटीमीटर, वजन ४३ किलो. बारा वर्षांच्या मुलीला हे वजन उत्तम आहे. म्हणजे ज्या दिवशी तिला जाड म्हटले गेले, त्या दिवशी ती जाड नव्हती. त्यानंतरच्या दोन वर्षांत मात्र तिची उंची पाच सेंटीमीटरने वाढली आणि वजन अठरा किलोंनी.

आम्ही मुलालाही काट्यावर उभे राहण्यास सांगितले, तेव्हा आई म्हणाल्या, "त्याचे काही नाही हो, तो खेळकरी आहे." खेळ केव्हाच सुटला होता. उंची १६८, वजन ७८ किलो, कंबरेचा घेर ९१ सेंटीमीटर. मानेच्या मागे, कॉलरच्या रेषेवर, कातडी काळसर आणि मखमलीसारखी जाड झालेली होती. आई ती दर रविवारी डाळीच्या पिठाने घासून काढीत होत्या, कारण त्यांना तो मळ वाटला होता. तो मळ नव्हता. शरीरातील इन्सुलिन आपले काम नीट करू शकत नसले आणि त्यामुळे ते अधिकाधिक स्रवावे लागत असले, म्हणजे मानेवर आणि काखेत ही खूण उमटते. आजच्या व्याख्यानातील दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी ही काळी मान लक्षात ठेवावी. ती घासू नये. मुलाला डॉक्टरांकडे न्यावे.

येथे सुदृढ वाढ कोणती आणि लठ्ठपणा कोणता, याचा थोडा खुलासा करणे भाग आहे. मुलगी साधारणतः अकराव्या-बाराव्या वर्षी झपाट्याने उंच होते, मुलगा तेराव्या-चौदाव्या. या काळात मुलीच्या शरीरात मेदाचे प्रमाण निसर्गतःच वाढते. कटी, मांड्या, दंड भरतात. मुलाच्या शरीरात स्नायू अधिक वाढतात. मुलीचे भरणे हा दोष नव्हे, ती पुढील आयुष्याची तरतूद आहे. दुर्दैव असे की नेमक्या याच वर्षी घरातील आणि दारातील सर्व नजरा तिच्याकडे वळतात. उलट मुलाच्या पोटावर चरबी चढू लागते, तेव्हा ती सैल शर्टाखाली आणि कौतुकाखाली झाकली जाते.

वजनाचा काटाही आपल्या लोकांची एक फसवणूक करतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात, ज्याला आपण बीएमआय म्हणतो, तो दोघांचाही अगदी सारखा, २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के होता, तर आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांचा अभ्यास करून याज्ञिकांच्या सहकाऱ्यांनी हेही दाखविले की आपली बाळे वजनाने कमी भरली तरी त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी अधिक असते. दिसायला बारीक आणि आतून मेदयुक्त, असा हा आपला पिंड आहे. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली आपल्या मुलांसाठी वाढीचे तक्ते नव्याने काढले, तेव्हा अतिवजनाची रेषा पाश्चात्त्यांपेक्षा खाली, प्रौढांच्या २३ या निर्देशांकाशी जुळेल अशी आखली. घरच्या घरी पाहायचे झाल्यास शिंप्याची टेप पुरे. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. वरील मुलाची निम्मी उंची ८४ होते आणि कंबर ९१ होती.

आता हे वजन आले कोठून? आईंचे उत्तर तयार होते. मुलगा बाहेरचे खातो आणि मुलगी चोरून खाते. दोन्ही खरे होते. पण का खातो आणि का खाते, याची उत्तरे दोघांची दोन निघाली.

प्रथम मुलाची दिनचर्या ऐका. पहाटे पावणेसहाला उठणे, साडेसातला शाळा. दुपारी दोनला घरी. चारला शिकवणी, ती आठपर्यंत. शिकवणीच्या दाराशी समोसा आणि गुपचुप. पाणीपुरीला येथे गुपचुप म्हणतात, हे आपल्या पाहुण्यांना प्रत्येक वेळी समजावून सांगावे लागते. गोल बाजारातील दुकान वाढवून वडील वर येईपर्यंत दहा वाजतात. वडील आल्याशिवाय पाने वाढायची नाहीत, ही घराची रीत. म्हणजे जेवण साडेदहाला. अकराला अभ्यासासाठी कडक चहा. मग पुस्तक, त्याच्या शेजारी मोबाईल, आणि एक वाजता दिवा मालवणे. झोप झाली पावणेपाच तास. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना चोवीस तासांत आठ ते दहा तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली सांगितले आहे. हा मुलगा त्याच्या निम्म्यावर भागवीत होता.

आपल्या पिढीचे म्हणणे असे की, लवकर निजे लवकर उठे हे मुलांच्या हातात आहे. ती आळशी झाली आहेत. हे अर्धेच खरे आहे. वयात येताना शरीरातील घड्याळच पुढे सरकते. अंधार पडल्यावर मेलाटोनिन नावाचे जे संप्रेरक झोप आणते, ते या वयात पूर्वीपेक्षा उशिरा स्रवू लागते. दहा वर्षांचे असताना नऊला पेंगणारे मूल पंधराव्या वर्षी अकरापर्यंत टक्क जागे असते, यात त्याचा उर्मटपणा नाही. त्यात मोबाईलचा उजेड डोळ्यांत गेला की मेलाटोनिन आणखी लांबते. आणि चहातील कॅफीनपैकी निम्मे पाच तासांनंतरही रक्तात असते. अकराच्या चहाचा हिशेब पहाटे चारला मिटत नाही.

झोप आणि भूक यांचा संबंध शिकागो विद्यापीठात तपासला गेला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास आणि वेगळ्या वेळी दोन रात्री दहा तास अंथरुणात राहू दिले. कमी झोपेनंतर, पोट भरल्याची सूचना देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरले आणि भूक चेतविणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढले. भूक वाढली, आणि ती विशेषतः गोड, खारट व पिष्टमय पदार्थांची. बारा तरुण म्हणजे फार थोडे, आणि नंतरच्या सर्व प्रयोगांत संप्रेरकांचे आकडे असेच जुळले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. परंतु २०२२ साली त्याच विद्यापीठातून उलट दिशेचा प्रयोग आला. साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या, वजन अधिक असलेल्या ८० प्रौढांपैकी ज्यांची झोप दोन आठवडे वाढविली, त्यांचे खाणे दिवसाला सुमारे २७० कॅलरींनी आपोआप घटले. त्यांना कोणी पथ्य सांगितले नव्हते. २७० कॅलरी म्हणजे आपल्या हिशेबात जवळपास एक मोठा समोसा. शिकवणीच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या त्या मुलाच्या हातातील समोसा निदान काही अंशी रात्रीच्या जागरणाने दिलेला होता.

शाळेची वेळ हा आणखी एक काच. आपल्याकडील उन्हाळा पाहता सकाळच्या शाळेला पर्याय नाही, हे खरे. मे महिन्यातील रायपूरच्या दुपारी कोणत्याही मुलाला रस्त्यावर काढू नये. पण वर्षाचे बाराही महिने मे नसतो. येथे एक गोष्ट अभिमानाने सांगावीशी वाटते. महाराष्ट्रात लहान मुलांच्या शाळेची वेळ बदलावी, कारण मुलांची झोप पुरी होत नाही, ही सूचना डिसेंबर २०२३ मध्ये तेथील तत्कालीन राज्यपाल श्री. रमेश बैस यांनी केली. ते आपल्या रायपूरचे, अनेक वेळा येथून लोकसभेवर निवडून गेलेले. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. निर्णय स्तुत्य आहे. पण तो चौथीला थांबला. सात-आठ वर्षांचे मूल त्यातल्या त्यात लवकर झोपू तरी शकते. ज्याचे घड्याळ निसर्गाने पुढे सरकविले आहे, त्या नववी-दहावीच्या मुलाला हा आदेश स्पर्श करीत नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांनी २०१४ साली केलेली शिफारस नेमकी याच मोठ्या मुलांसाठी होती. त्यांची शाळा साडेआठच्या आधी भरू नये.

विषयांतराची परवानगी असेल तर एक आठवण सांगतो. १८७७ साली चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ दत्त वडिलांबरोबर आपल्या या गावी आला आणि सुमारे दोन वर्षे येथे राहिला. त्याला साजेशी शाळा त्या वेळी रायपुरात नव्हती. तो घरीच वडिलांशी बोलत, वाद घालत शिकला. बुढा तालाबाच्या काठाने जाताना त्याचा भव्य पुतळा आपण सर्व पाहतो. आम्ही शाळा बंद करा असे म्हणत नाही. पण त्या पुतळ्यासमोरून पहाटे सहाला पेंगत जाणारी पोरे पाहिली की ही गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही.

असो. आता मुलीकडे वळू. झोप तिचीही कमीच होती, परंतु भावाइतकी नाही. तिची कहाणी बांगडीच्या दुकानापासून सुरू होते. त्या रात्री ती जेवली नाही. पुढे आठवडाभर दुपारचा डबाही तसाच परत येऊ लागला. घरात याचे कौतुकच झाले. मग परीक्षा आली आणि एके रात्री आजीला स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली. मुलगी अंधारात उभी राहून डब्यातील लाडू खात होती. दिवसा उपास आणि रात्री लाडू, असे हे चक्र सुरू झाले. प्रत्येक वेळी सापडल्यावर बोलणी बसत, बोलण्याने पुन्हा उपास, आणि उपासाने पुन्हा भूक.

ताणाखाली शरीर काय करते? मूत्रपिंडावरील ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. वाघ समोर आला असता हे उपकारक असते. यकृतातील साखर रक्तात येते, पाय पळू लागतात. पण रोज रात्री जेवणाच्या वेळी येणारा वाघ पळून चुकवता येत नाही. रक्तात आलेली साखर वापरली जात नाही, इन्सुलिन वाढते आणि मेद साठू लागतो; तोही विशेषतः पोटाच्या आत, जेथील पेशी कॉर्टिसॉलला अधिक दाद देतात. शिवाय गोड आणि तेलकट खाल्ल्याने ताणाची धार तात्पुरती बोथट होते, हे मेंदू फार लवकर शिकतो. त्या मुलीचा लाडू म्हणजे हावरटपणा नव्हता; तिला मिळालेले ते एकमेव औषध होते. कॉर्टिसॉल रात्री उतरायला हवे, ते जागरणाने उतरत नाही. म्हणजे ताण आणि जागरण या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. एक दुसरीला हात देते.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात अडीच हजार मुलामुलींवर पाच वर्षे लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांनी आरंभी वजन उतरविण्यासाठी खाणे तोडले होते, त्यांचेच वजन पाच वर्षांनी इतरांपेक्षा अधिक वाढलेले आढळले. 'जेवण कमी कर म्हणजे बारीक होशील' हा आपल्या घराघरांतील उपदेश या वयात बहुधा उलटाच फळतो. टोमणे खाणाऱ्या मुलांचे वजन टोमणे न खाणाऱ्यांपेक्षा जास्त वेगाने वाढते, असेही नंतरच्या अभ्यासांत दिसले आहे. हे ऐकून आत्याबाईंना वाईट वाटेल. पण त्या एकट्या नव्हत्या. आम्ही सर्वजणच बोलतो.

दुसरी गोष्ट दाराची. अकराव्या वर्षापर्यंत ती मुलगी शाळेच्या मैदानावर बॅडमिंटन खेळत असे. पाळी सुरू झाली आणि संध्याकाळी सातनंतर बाहेर नको, असे ठरले. कारण सांगितले गेले नाही. ते सांगण्याची गरज घरात कोणाला वाटली नाही. दिवस लहान झाले तसे खेळणे थांबले. शाळेतून आल्यावर भाऊ शिकवणीला जाई, ती आजीचे औषध, दिवाबत्ती, कणीक यांत गुंते आणि अभ्यासाला रात्री बसे. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज तासभर तरी धावपळ करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१६ सालच्या जागतिक आकडेवारीनुसार शाळकरी मुलग्यांपैकी ७८ टक्के आणि मुलींपैकी ८५ टक्के एवढी हालचाल करीत नव्हते. मुलगे काही फार उजेड पाडीत नाहीत, हे खरे. पण मधल्या सात टक्क्यांत किती बंद दारे आहेत, याचा आपण विचार करावा.

तिसरी गोष्ट, आयांना स्पष्टच सांगतो. या मुलीची पाळी अनियमित झाली तेव्हा प्रथम थायरॉइडला दोष दिला गेला. थायरॉइड कमी असलेल्या मुलाची उंची खुंटते. जे मूल वजनाबरोबर उंचीनेही नीट वाढत आहे, त्याच्या लठ्ठपणाचे मूळ थायरॉइडमध्ये क्वचितच असते. मग कोणीतरी सोनोग्राफी करविली आणि अंडाशयात गाठीगाठी दिसतात, असा कागद हाती आला. घरात रडारड झाली. हिला मूल होणार नाही, येथपर्यंत मजल गेली. वस्तुतः पाळी सुरू झाल्यापासून पहिली आठ वर्षे अशा सोनोग्राफीवरून पीसीओएसचे निदान करू नये, असे २०२३ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांत स्पष्ट म्हटले आहे, कारण या वयात निरोगी मुलींच्या अंडाशयांचे चित्रही तसेच दिसू शकते. पहिले वर्षभर पाळी मागेपुढे होणे स्वाभाविक असते. पुढेही ती फार लांबत असेल, अंगावर दाट राठ केस येत असतील, तर अवश्य दाखवावे. पण एका कागदावरून चौदा वर्षांच्या मुलीचे मातृत्व निकालात काढू नये. त्या कागदाने तिच्या ताणात जी भर घातली, ती कोणत्याही काट्यावर मोजता येणार नाही.

भाऊ झोपेच्या वाटेने जाड झाला आणि बहीण ताणाच्या, हे एका घरापुरतेच आहे की त्यात काही नियम आहे? अमेरिकेतील किशोरवयीनांच्या एका मोठ्या पाहणीवरून २००५ साली असे दिसले की, कमी झोप आणि अधिक वजन यांची सांगड मुलग्यांत आढळते, मुलींत ती तितकी दिसत नाही. दुसऱ्या एका अभ्यासात, मुलांना प्रौढ वयापर्यंत पाहत राहून, २००६ साली आढळले की उदासी आणि चिंता यांचा पुढील वजनवाढीशी संबंध मुलींत दिसतो, मुलग्यांत तसा नाही. या अभ्यासांवरून मुलग्यांना ताण नसतो आणि मुलींना झोप लागत नाही असे झाले तरी चालेल, असा अर्थ काढणे चूक ठरेल. पुढच्या अभ्यासांचे निष्कर्षही सर्वत्र एकसारखे नाहीत. शिवाय कारण कोणते आणि कार्य कोणते हे नेहमी उकलत नाही. लठ्ठ मुलाचा श्वास रात्री अडखळतो, तो घोरतो, म्हणून त्याची झोप बिघडते, असेही घडते. घोरणारे मूल गाढ झोपले आहे असे समजून दार लोटून घेऊ नये.

एवढे मात्र आम्हांस पक्के वाटते की, एकाच ताटात जेवणाऱ्या दोन भावंडांना एकच उपदेश पुरत नाही. जगभर पाहिले तरी मुलगे या बाबतीत मुलींच्या मागे नाहीत. पाच ते एकोणीस वयोगटात लठ्ठपणाचे प्रमाण १९९० साली मुलींत १.७ आणि मुलग्यांत २.१ टक्के होते. २०२२ साली ते अनुक्रमे ६.९ आणि ९.३ झाले. तरीही दवाखान्यात आणली जाते ती मुलगी, आणि स्कूटर चालवायला येतो तो मुलगा.

आपल्या देशाचे चित्र आणखी गुंतागुंतीचे आहे. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण पाहणीत दहा ते एकोणीस वयाच्या मुलांपैकी ५ टक्के अतिवजनाची, तर २४ टक्के फार बारीक आढळली. आणि रक्तक्षय मुलग्यांत १८ टक्के, मुलींत ४० टक्के! म्हणजे ज्या मुलीचे ताट आपण वजनासाठी कमी करू पाहतो, तिच्या रक्तात लोह कमी असण्याचा संभव मोठा. भाकरी काढून घेताना आपण नक्की काय काढून घेत आहोत, हे पाहिले पाहिजे.

त्या कुटुंबाचे पुढे काय झाले, हे विचारण्यापूर्वीच सांगतो. पहिला प्रश्न वडिलांच्या जेवणाचा निघाला. मुले आठ-साडेआठला जेवतील, असे सुचविताच वडील गप्प झाले. मग म्हणाले, "दिवसभर दुकानात उभा असतो. रात्री चार माणसांत बसून जेवतो, तेवढेच आमचे घर." यावर आमच्यापाशी शास्त्रीय उत्तर नव्हते. तोड काढली ती आजींनी. मुले लवकर जेवतील, वडील आल्यावर सर्वजण दहा मिनिटे ताकाचे पेले घेऊन त्यांच्याजवळ बसतील, आणि रविवारी, दुकान बंद असते तेव्हा, दोन्ही वेळची पंगत एकत्र होईल. आजींचे माहेर विदर्भातले. ताकाला त्यांनी जिरे आणि कढीपत्त्याची फोडणी दिली आणि प्रश्न बराचसा मिटला.

मुलाचा अकराचा चहा बंद झाला. मोबाईल रात्री दहाला आजींच्या उशाशी जाऊ लागला. आजींनाच तो चाळण्याची सवय लागेल अशी आम्हांस भीती होती, ती काही अंशी खरी ठरली. शिकवणीचा एक विषय कमी केला, यावर वडील आणि मुलगा दोघेही कित्येक दिवस नाराज होते. झोप सात तासांवर आली, आठवर अद्याप नाही. वर्षभरात वजन उतरले नाही, ते थांबले; उंची मात्र तीन सेंटीमीटर वाढली, कंबर चार सेंटीमीटर उतरली आणि मान पुष्कळ उजळली. वाढत्या मुलात वजन थांबणे हेच पुष्कळदा पुरेसे असते.

मुलीसाठी आम्ही कोणतेही पथ्य लिहून दिले नाही. याचे आईंना फार नवल वाटले. तिच्या अंगाविषयी घरात कोणीही, कौतुकानेसुद्धा, बोलू नये, एवढीच अट घातली. नाश्ता चुकवायचा नाही. लाडवाचा डबा वरच्या फळीवरून खाली, सर्वांच्या समोर आला. जेवणानंतर हवा तर एक घ्यावा, उजेडात. बॅडमिंटन पुन्हा सुरू झाले आणि साडेसातला तिला आणण्यासाठी वडील दुकान नोकरावर सोपवून जाऊ लागले. कणीक आता आळीपाळीने भाऊ मळतो. त्याच्या पोळ्या कशा होतात, हे आम्ही विचारलेले नाही. आठ महिन्यांनी वजन एका किलोने कमी भरले. रात्रीची खुडबुड थांबली, असे आजी सांगतात. परीक्षेच्या दिवसांत ती पुन्हा दोनदा ऐकू आली होती, हेही त्यांनीच सांगितले.

आत्याबाईंना आईंनी एकदा हात जोडून विनंती केली की, मुलीच्या देहाविषयी काही बोलू नका. त्या रुसल्या आणि त्या वर्षी भाऊबीजेला आल्या नाहीत. पुढच्या वर्षी आल्या.

एक अडचण मात्र तशीच राहिली आहे. लग्नसराईच्या दिवसांत गोल बाजारातील दुकाने उशिरापर्यंत उघडी असतात. त्या दोन-तीन महिन्यांत वडील अकराला वर येतात, मुलीला आणायला कोणी जाऊ शकत नाही, ताकाचे पेले राहतात आणि सगळे वेळापत्रक कोलमडते. गेल्या वेळी त्यांनी आम्हांस विचारले, "डॉक्टर, या दिवसांत काय करायचे, ते सांगा." आमच्यापाशी उत्तर नव्हते. येथे बसलेल्या व्यापारी बंधूंपैकी कोणी आपल्या घरी काही तजवीज केली असेल, तर प्रश्नोत्तरांच्या वेळी ती अवश्य सांगावी. आम्ही लिहून घेऊ आणि त्यांना कळवू.